उकंडरावांची पहिली आखजी

आमदार अकराला येणार होते, म्हणून पितराला दहालाच आंघोळ घालून पाटावर बसवलं होतं. पाऊण वाजला तरी पितर बसलेलाच.

"काका, पाय मोकळे करता का जरा?" गोपालनं विचारलं.

"काका नोको म्हणू बे," प्रेमानंद म्हणाला. "सकायपासून मी तुहा बाप आहो."

ते खरंच होतं. उकंडराव जाऊन सहा महिने झाले होते आणि ही त्यांची पहिली आखजी होती. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची आणि त्याच्या जागी एक जिवंत माणूस जेवायला बसवायचा, ही पद्धत सगळ्या वऱ्हाडात आहे. उकंडराव अढाऊंच्या घरात ती जरा जास्त कडक होती. बसणाऱ्यानं गेलेल्याची टोपी घालायची. त्यानं जे खाल्लं तेच खायचं, जे पाणी पिलं तेच प्यायचं. घरच्यांनी त्याला गेलेल्याच्याच नात्यानं हाक मारायची. शेवटी मोठ्या मुलानं विचारायचं, बाबा, भूक भागली? तहान भागली? दोन्हीला तीन-तीनदा 'भागली' असं उत्तर आलं की मग घरच्यांनी जेवायचं.

प्रेमानंदला उकंडरावांनी स्वतःच निवडून ठेवलं होतं. दोन वर्षं दर सोमवारी नि गुरुवारी दोघं एकाच जीपमध्ये बसून डायलिसिसला अकोल्याला जायचे. गावाचं पाणी खारं. आधी ते कूलरच्या गवतावर पांढरं चढायचं, मग भांड्यांवर, मग माणसांच्या किडन्यांवर. आमदाराचा बाप वडापच्या जीपमध्ये कसा, असं नवखे लोक विचारायचे. आमदार लेक राजकुमार गाडी पाठवत नव्हता असं नाही. गाडी यायची, पण मंगळवारी.

गोपालची बायको रुपाली दारात बसून मोबाईल वाचत होती. राजकुमारनं निवडणुकीच्या वेळी भरलेलं शपथपत्र कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलं होतं. आजच टाकायचं काही कारण नव्हतं. म्हणूनच टाकलं असावं.

"एकूण मालमत्ता अकरा कोटी चाळीस लाख," ती म्हणाली. "व्यवसाय, शेती. शेतीचं उत्पन्न वर्षाले अठ्ठेचाळीस लाख."

"कोणतं वावर?" गोपालनं विचारलं.

"आपलंच. गट नंबर देला आहे. वाटणीतले त्यायचे पाच एकर."

"ते तं मीच करतो."

"मंग पीक कुठं ठेवता तुमी?"

गोपालनं खरोखर थोडा विचार केला. यंदा त्या पाच एकरात सोयाबीन होतं आणि ते त्यानं वरवट बकालला नेऊन विकलं होतं. आलेल्या पैशात फवारणीवाल्याची उधारी फिटली आणि एक पंखा आला. पंखा छताला होता. बाकीच्या सत्तेचाळीस लाखांचं काय झालं ते त्याला आठवेना.

"स्वतःच्या नावे वाहन," रुपालीनं पुढं वाचलं, "निरंक."

बाहेर धूळ उठली. एक पांढरी गाडी थांबली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. अशा सात.

"आले निरंक," रुपाली म्हणाली आणि पदर सावरून उठली.

*

राजकुमारची बायको पुष्पांजली गाडीतून उतरली तेव्हा उन्हानं तिचे डोळे मिटले. लग्न होऊन आली तेव्हा याच अंगणात ती हातपंपावर पाणी भरायची. आता चार-सहा महिन्यांनी यायची आणि प्रत्येक वेळी अंगण थोडं लहान झालेलं असायचं.

आज ते दोघं का आले होते ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना वाटत होतं, लेकाला बापाची आठवण आली. खरी गोष्ट अशी होती की मंत्रिमंडळाचा विस्तार रविवारवर आला होता. राजकुमारचं नाव यादीत तीनदा चढून तीनदा कापलं गेलं होतं. पहिल्यांदा कापलं तेव्हा नाशिकच्या गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं, तुमच्या घरचा पितर तहानलेला आहे. राजकुमार हसला होता. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा हसला नाही. त्यानं शेखरला आखजीची तारीख पाहायला सांगितली.

शेखर म्हणजे त्यांचा स्वीय सहायक. त्यानं उतरल्या उतरल्या बाटल्यांची दोन खोकी आत नेली आणि देव्हाऱ्यासमोरची नवी घागर बाटलीच्या पाण्यानं भरायला घेतली.

सासूबाई, सत्यभामाबाई, स्वयंपाकघरातून आल्या. "हे काय करून राह्यले तुमी?"

"आई, साहेबांना हेच पाणी लागतं."

"घागर साह्यबाची नाई. त्याच्या बापाची आहे. त्यानं जलमभर हातपंपाचं पाणी पेलं."

"राहू दे माय," राजकुमार पाया पडता पडता म्हणाला. "बाबांना एक दिवस तरी चांगलं पाणी मिळू दे."

हे वाक्य त्यानं इतक्या मनापासून म्हटलं की पुष्पांजलीला क्षणभर वाटलं, हा माणूस अजून आत कुठेतरी आहे. तेवढ्यात शेखरनं सांगितलं, साहेब, हेलिकॉप्टर अडीचच्या पुढे उडणार नाही म्हणतात, वारं सुटतं. राजकुमारनं घड्याळ पाहिलं.

"दादा, आज मी विचारतो बाबांना," तो गोपालला म्हणाला. "चालेल ना?"

तो मान मोठ्या मुलाचा. तेराव्याला, मासिक श्राद्धाला, कशालाही गोपालच पुढे असायचा. जे जे राजकुमारला करायला वेळ नव्हता ते सगळं गोपालच्या मानाचं होतं.

"विचार," गोपाल म्हणाला.

आत रुपालीच्या हातून पातेलं जरा जोरात खाली ठेवलं गेलं.

राजकुमारनं पितराचे पाय धुतले, पुसले, टोपीखाली गंध लावलं. शेखरनं तिन्ही वेळा फोटो काढला. पुरणपोळी, कढी, वडे, कुरडया, वाटीत आमरस. प्रेमानंदनं अर्धी पोळी खाल्ली, भात खाल्ला. आमरसाकडे तो नुसता बघत राहिला. रस त्याला विषासारखा होता, डॉक्टरनं तसंच सांगितलं होतं. त्यानं वाटी उचलली, वास घेतला आणि जपून खाली ठेवली. शेजारी सत्यभामाबाईंनी हातपंपाचं अर्धा गिलास पाणी ठेवलं होतं. ते त्यानं तीन घोटांत संपवलं.

"बाबा," राजकुमार हात जोडून म्हणाला, "भूक भागली?"

"भागली." तीनदा.

"तहान भागली?"

प्रेमानंद थांबला. ओठांवरून जीभ फिरवली.

"नाई," तो म्हणाला.

*

अंगणातले कार्यकर्ते हसले. आमदार हसत नाहीत असं पाहून थांबले. शेखर बाटली उघडून पुढे झाला.

"नोको," प्रेमानंदनं हात आडवा धरला. "दिवसाले एक लिटर. त्यात औषधाचं पाणी, डाळीतलं पाणी, सगळं आलं. आजचं तीन पाव झालं. जास्त झालं तं छातीत भरते."

"मग भागली म्हणा ना," राजकुमार हळू आवाजात म्हणाला. "रीत आहे ती."

"जित्तेपणी म्हटलं असतं. मेलेल्या माणसाले खोटं बोलाचं काय काम?"

प्रेमानंदनं हे ठरवून केलं नव्हतं. सकाळी तो फक्त जेवून यायचं म्हणून निघाला होता. पण तीन तास तो त्या पाटावर, त्या टोपीत बसून होता आणि लोक येऊन 'बाबा, उन्हाचं बरं आहे ना' असं विचारून जात होते, तेव्हा त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. अडीच वर्षांत तो आमदाराच्या बंगल्यावर अकरा वेळा गेला होता. प्रत्येक वेळी शेखरनं अर्ज ठेवून घेतला. तो तिथे कधी दारापलीकडे गेला नव्हता. आज तोच आमदार त्याच्यापुढे गुडघ्यावर होता. जिवंत माणसाला जी भेट मिळाली नाही ती मेलेल्याला आपोआप मिळाली होती.

"राजू," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण उकंडराव असंच म्हणायचे. "तालुक्याच्या दवाखान्यात ते डायलिसिसचं मशीन आहे. तू फीत कापली त्याची."

"हो. आपणच आणलं ते."

"दोन वर्स झाले. चालू नाई. काऊन, तुले मालूम आहे?"

"पाण्याचा प्रश्न आहे तिथे. शुद्धीकरणाचा प्लांट लागतो. प्रस्ताव गेलाय, काका."

"बाबा म्हण."

राजकुमारनं अंगणाकडे पाहिलं. "प्रस्ताव गेलाय, बाबा."

"मशीनले इथलं पाणी चालत नाई," प्रेमानंद म्हणाला. "आमाले चालते. मशीन नाजूक आहे. मी म्हणत नाई का त्याले खारं पाज. फक्त त्याच्यासाठी तरी गोडं पाणी आण. मी त्याच्या उष्ट्यावर जगीन."

कूलर घरघरत होता आणि खाऱ्या गवतातून कोमट वारा येत होता.

*

माजघराचं दार लोटून घेतल्यावर राजकुमार म्हणाला, "दादा, तू समजाव त्याले. तुहं ऐकते तो."

गोपाल भिंतीला टेकून उभा होता. त्याला समजावणं जमायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं. तो लोकांकडे समजवायला जायचा आणि त्यांचं पटून परत यायचा.

"अहो," पुष्पांजली म्हणाली, "फार्महाऊसवर आहे की तसला प्लांट. पूलच्या पाण्याचा. खाऱ्या पाण्यानं केस जातात म्हणून बसवला होता. पोहतं कोण तिथे? देऊन टाका दवाखान्याला."

राजकुमार तिच्याकडे असा बघत राहिला की जणू तिनं भर सभेत काही विचारलं. "तो आपला नाही."

"म्हणजे?"

"फार्महाऊस तुझ्या भावाच्या कंपनीचं आहे."

"माझ्या दादाची कंपनी आहे?"

"आहे. मी शपथेवर लिहून दिलंय, पुष्पा. अमुक इतकं माझं, बाकी माझं नाही. जी वस्तू माझी नाही ती मी दान कशी करू? उद्या कोणी विचारलं, आमदारानं हा प्लांट कुठून आणला, तर काय सांगू, पोहण्याच्या तलावातून?"

पुष्पांजलीला हसू यायला हवं होतं. पण तिला त्या तलावाची पायरी आठवली, जिच्यावर ती रोज संध्याकाळी पाय सोडून बसायची. आपण दोन वर्षं कोणाच्या घरात बसत होतो ते आज कळत होतं. घर तिच्या दादाचं होतं. दादालाही बहुतेक माहीत नव्हतं.

"म्हणजे कायद्यानं तो कोणाचाच नाई," गोपाल म्हणाला.

"असंच समज."

"मंग मी ट्रॅक्टर नेऊन उचलून आणला तं चोरी होईन का?"

"दादा, तू काऊन मंधात बोलून राह्यला?" राजकुमारचा आवाज चढला. चढला की तो गावाच्या बोलीवर यायचा.

"तूच म्हटलं समजाव म्हणून." गोपाल खाली बघत म्हणाला. "राजू, बाबा गेले त्या दिवशी जीप शेगावच्या पुढं बंद पडली होती. ते मशीन आपल्या घरापासून चार किलोमीटरवर होतं. मी तुले तवा काई म्हटलं नाई. तुहा प्रचार चालू होता."

"मी आलो होतो की नाही?"

"आला होता. तीस गाड्या होत्या."

पुष्पांजली गोपालच्या बाजूला सरकली होती. मुद्दाम नाही, पण राजकुमारला ते दिसलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि तो बोलणार, तेवढ्यात शेखरनं दार ढकललं.

"साहेब, एक विचारू? दुसरे पितर चालतात का?"

तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे शास्त्रात तशी हरकत नसेल तर. आपले तालुकाध्यक्ष तिसऱ्या गाडीत आहेत. वय तेवढंच आहे. सकाळपासून जेवलेही नाहीत."

*

सत्यभामाबाईंनी दुसरा पाट मांडला. कोणी मांडायला सांगितला ते त्यांनी विचारलं नाही.

तालुकाध्यक्ष प्रेमानंदच्या शेजारी बसले आणि ओशाळून हसले. त्यांना टोपी हवी होती. शेखर प्रेमानंदच्या डोक्यावरच्या टोपीकडे हात नेऊ लागला.

"तिले हात नोका लावू," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मग गाडीतून पक्षाची टोपी आली. उकंडरावांनी हयातभर त्या पक्षाला मत दिलं नव्हतं, लेकालासुद्धा पहिल्या वेळी दिलं नव्हतं, आणि ते त्याला जेवताना तोंडावर सांगितलं होतं. आता ते एका पाटावर जुन्या टोपीत बसले होते आणि दुसऱ्या पाटावर पक्षाच्या. अठ्ठेचाळीस वर्षं एका नवऱ्याबरोबर काढल्यावर आज सत्यभामाबाईंसमोर दोन होते आणि त्यातला एकही तो नव्हता. त्यांनी दोघांनाही वाढलं.

"माय, चालते ना?" राजकुमारनं विचारलं.

त्यांनी लेकाकडे पाहिलं. लहानपणी तो ताप आला की असंच विचारायचा, शाळेत नाही गेलो तर चालते ना.

"तुले चालत अशीन तं," त्या म्हणाल्या.

तालुकाध्यक्षांनी चार पोळ्या खाल्ल्या, रस दोनदा घेतला, बाटलीभर पाणी पिलं. राजकुमारनं विचारायच्या आतच त्यांनी सुरू केलं. "भूक भागली, भागली, भागली. तहान पण भागली, भागली, भागली. साहेब, लय भागली."

शेखरनं फोटो काढला. राजकुमार दोघांच्याही पाया पडला. पहिल्या पाटासमोर जरा जास्त वाकला, पण वर बघितलं नाही. जाताना पुष्पांजली रुपालीच्या गळ्यात पडली. दोघींनी असं आजवर कधी केलं नव्हतं. आणि सातही निरंक धूळ उडवत निघून गेले.

घरात एकदम शांत झालं. घरची नि भाऊकीतली मिळून अकरा पोरी-पोरं भिंतीशी ओळीनं बसली होती. त्यांना सकाळपासून कोणी जेवायला दिलं नव्हतं, कारण पितर अजून उठला नव्हता. दुसरा उठून गेला होता. पण घरातलं कोणीही, अगदी पाच वर्षांचं पोरगंसुद्धा, तो उठला म्हणजे पितर उठला असं धरायला तयार नव्हतं.

सत्यभामाबाई प्रेमानंदसमोर बसल्या. "लेकरं उपाशी हायेत," त्या म्हणाल्या. अहो म्हणायचं त्यांना सुचेना, भाऊ म्हणायची आज परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी नुसतंच सांगितलं.

"मोठ्या पोरानं विचाराव लागते," प्रेमानंद म्हणाला.

गोपाल पुढे आला. गुडघे टेकले. "बाबा, तहान भागली?"

प्रेमानंदनं पोरांकडे पाहिलं. एक पोरगी त्याच्या आमरसाच्या वाटीकडे टक लावून बसली होती. त्यानं वाटी तिच्याकडे सरकवली.

"भागली," तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना त्यानं रिकामा गिलास पालथा घातला. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही, नुसते ओठ हलले. पण ते धरलं गेलं.

*

रविवारी राजकुमारनं राज्यमंत्रीपदाची शपथ घेतली. दुसऱ्या बापाचा गुण आला.

सोमवारी लग्नाच्या तिथीमुळे जीप मिळाली नाही. गोपाल प्रेमानंदला मोटरसायकलवर घेऊन निघाला. सकाळचे सात वाजले होते तरी रस्ता तापला होता. शेगावच्या अलीकडे एका टपरीवर त्यांनी गाडी थांबवली. गोपालनं चहा घेतला. प्रेमानंदनं गाडीवर बसूनच त्याला चहा घेताना बघितलं.

"गोपाल," तो म्हणाला, "माह्या आखजीले कोणाले बसवसान?"

"काहून असं बोलता काका?"

"पोरगी तं सोनाळ्याले देली. तिच्या घरी तिच्या सासऱ्याचं असते. माहं तुमालेच कराव लागीन." त्यानं पाय मागच्या टेकूवर नीट ठेवले. दोन्ही पाय सुजून चपलेबाहेर आले होते. "राजूले बसव."

"राजूले?"

"जो बसते त्याले गेलेल्याचंच पाणी पेवा लागते ना? अर्धा गिलास द्याचा. हातपंपाचा. दिवसभर तेवढाच. मंग तीनदा विचाराचं."

गोपालला हसू आलं, मग ते गेलं. "तो येईन का?"

"आजपासूनच येळ मागून ठेव. त्याले वरीसभर लागते."

गोपालनं रिकामा कप ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भावाशी बोलायला भावाचा नंबर लावला नाही, सरळ शेखरचा लावला. तिसऱ्यांदा लागला.

"मंत्रीसाहेबांचं कार्यालय."

"मी गोपाल. राजूचा भाऊ. पुढच्या आखजीची येळ पाह्यजे. जेवाले बसाचं हाये."

"पुढच्या वर्षीची?" पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "विषय काय लिहू?"

"पितर म्हणून."

"कोणाचे?"

"प्रेमानंदकाकाचे."

शेखरनं आवाज खाली आणला, जसा वारल्याच्या बातमीला आणायची त्याला सवय होती. "अरेरे. कधी वारले?"

गोपालनं मागे वळून पाहिलं. प्रेमानंद मोटरसायकलवर बसून होता, मांडीवर फाईल, डोक्यावर उकंडरावांची टोपी.

"नाई," गोपाल म्हणाला. "मांगं बसले हायेत. तुमी तारीख लिहून घ्या."